फोंड्याचा घाट आणि गारगोटीचा मिस्त्री

कोल्हापूरहून दक्षिणेकडे निघाले, की इस्पुर्ली, बिद्री करीत मुदाळ तिट्टा लागतो. तिट्टा म्हणजे तीन वाटांचा मेळ. एक वाट निपाणीकडे जाते, एक राधानगरीवरून फोंडा घाटाने कोकणात उतरते आणि तिसरी आमच्या गारगोटीला येते. गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे ठाणे. वेदगंगेच्या काठचे गाव. वर पाटगावला मौनी महाराजांचा मठ, त्याच अंगाला वेदगंगेवरचे धरण आणि दक्षिणेला सह्याद्रीच्या रांगेवर रांगणा किल्ला. आमचे गाव गारगोटीच्या वर, कडगावच्या वाटेला. ऊस आणि भात ही पिके, घरी दोन म्हशी, आणि 2008 सालापासून एक जुनी डिझेल जीप.

ही जीप मी तिसऱ्या मालकाकडून घेतली. एक म्हैस विकली आणि बाकीचे सोसायटीचे कर्ज काढले. गाडी आल्यापासून मी गावाचा अर्धा सरकारी माणूस झालो. कुणाची सून अडली, बोलव जीप. कुणाला साप चावला, बोलव जीप. रात्री-अपरात्री कडगावच्या रस्त्याने गारगोटीच्या दवाखान्यापर्यंत मी किती खेपा केल्या याची मोजदाद नाही. त्यामुळे गाडी चालवण्यात आपल्याला कुणी शिकवायचे उरलेले नाही, असा माझा एक समज झाला होता. तो कसा उतरला, ते सांगायचे आहे.

2011 च्या जानेवारीत माझ्या मेहुणीच्या मुलाचे बारसे होते. तिचे सासर कणकवलीच्या अंगाला. सकाळी सातला निघालो. गाडीत आई, आमची मंडळी, आठ वर्षांचा मुलगा आणि धाकटा मेहुणा. मागे पाळण्याचे सामान, कुंची, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि गुळाच्या दोन ढेपा. दीड महिन्यापूर्वीच मोठ्या गावातल्या एका गॅरेजातून गाडीचे ब्रेक नवे करून घेतले होते. लायनर नवे, आतले रबर नवे, बिलही तसेच भरभक्कम. त्यामुळे ब्रेकची चिंता नव्हती.

राधानगरी मागे पडली आणि गाडी जड वाटू लागली. जिथे नेहमी चौथा गिअर चालतो तिथे तिसरा टाकावा लागत होता. मला वाटले, माणसे जास्त, सामान जास्त. दाजीपूरच्या जंगलात शिरलो तेव्हा आई मागून म्हणाली,

"काहीतरी जळतंय रे."

"कुणीतरी पाला पेटवला असंल," मी म्हणालो.

जंगलात पाला कोण पेटवणार? पण म्हातारीच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचे नाही, ही आपल्याकडची जुनी खोड. वास येत होता तो माझ्याच चाकांचा.

घाटाच्या तोंडाशी आलो. खाली कोकण धुक्यात होते. दोन वळणे व्यवस्थित गेली. तिसऱ्या वळणाच्या आधी ब्रेकवर पाय ठेवला, तो सरळ तळाला टेकला. चिखलात पाय जावा तसा, खाली काहीच लागेना. दोन-चार वेळा पंप मारला. पोकळच. गाडीने वेग धरला.

अशा वेळी माणसाला काय सुचते, हे त्याच्या हातात नसते. हँडब्रेक ओढला, त्याने धूर काढला आणि वेग थोडा मोडला. तिसऱ्यातून दुसरा गिअर घालताना पेटीने असा आवाज केला, की आतले सगळे दाते बाहेर पडतात की काय असे वाटले. पण गिअर पडला. समोरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक वळणावर वर चढत होता. उजवीकडे दरी, डावीकडे डोंगर. दैव एवढेच, की त्या जागी डोंगर आमच्या बाजूला होता. मी डावी चाके गटारीत घातली आणि गाडी दरडीला घासत नेली. तांबड्या दरडीने आरसा नेला, दार चेपले, टपाची एक पट्टी फाटली. पन्नासेक पावलांवर गाडी थांबली.

आईच्या कपाळाला टेंगूळ आले. मंडळींच्या हातातल्या बांगड्या फुटल्या. पोरगे लाडवांच्या डब्यावर पडले होते, त्याला काही झाले नाही. कुणी रडले नाही. रडण्याइतके भान कुणालाच नव्हते.

भरलेली गाडी चढाला थांबवणे कुठल्याही ड्रायव्हरला नको असते, कारण पुन्हा उचलताना इंजिनाचा जीव निघतो. पण त्या ट्रकवाल्याने वळण काढून जरा रुंद जागा बघितली आणि ट्रक उभा केला. त्याच्या क्लीनरने उडी मारून आधी आमच्या चाकाला उटी लावली. उटी म्हणजे चाकाखाली सारायचा दगड. ड्रायव्हर निपाणीकडचा, पन्नाशीचा माणूस होता. चाकाजवळ बसला आणि नुसता तळवा जवळ नेऊन म्हणाला,

"हात लावू नगासा पावणं, चटका बसंल. चारी चाकं चुलीगत तापल्यात."

मेहुणा पाण्याचा कॅन घेऊन धावला. ड्रायव्हर त्याच्यावर खेकसला. तापलेल्या ड्रमवर पाणी मारले की बिडाला चीर जाते, हे मला त्या दिवशी कळले. तासभर आम्ही नुसते बसून राहिलो. चाके निवली, तेव्हा त्याने पान्याने मागच्या चाकाची निपल सैल केली. पायाने कुणी ब्रेक दाबलेला नसताना तेल चिळकांडीसारखे उडाले.

"दाब आत अडकून बसलाय," तो म्हणाला. "तुमी ब्रेक सोडताय, पर ब्रेक तुमाला सोडत न्हाई. सकाळधरनं ब्रेक लावूनच गाडी हाणलीया तुमी."

चारी चाकांचा दाब काढल्यावर पायाला थोडा ब्रेक आला. मी म्हटले, आता हळूहळू खाली उतरतो, कणकवलीत दाखवतो. त्याने मान हलवली. "खाली न्हाई जायाचं. चढाला इंजिन लागतंय, उताराला ब्रेक लागतोय. तुमच्याकडं इंजिन हाय. वर चला. दाजीपूरपतोर मी मागनं येतो."

इतक्यात कणकवलीकडे जाणारी एस.टी. आली. मंडळींना आणि मुलाला सामानासह तीत बसवले. आई काही उतारूंमध्ये जाईना. "बारशाला मी नसले तरी नाव काय ते ठेवतीलच," असे म्हणून ती जीपमध्येच बसून राहिली. ट्रकवाल्याला पैसे देऊ लागलो, तर घेतले नाहीत. डिंकाचे दोन लाडू मात्र घेतले, एक स्वतःला आणि एक क्लीनरला.

इथे एक गोष्ट कबूल करतो. त्या दिवशी गाडी दाजीपूरला सोडून यायला हवी होती. अर्ध्या ब्रेकची गाडी साठेक किलोमीटर आणणे शहाणपणाचे नव्हते, आणि वाचणाऱ्या तरुण पोरांनी त्याची नक्कल करू नये. पण गाडी जंगलात टाकायला मन घेईना. चार-पाच किलोमीटर जायचे, थांबायचे, चाकांजवळ हात नेऊन बघायचे, तापली की निपल सैल करून दाब काढायचा, वरच्या डबीत तेलाची भर घालायची आणि पुन्हा निघायचे. उतार आला की पहिला गिअर, आणि मेहुणा हातात दगड घेऊन बाजूने चालणार. असा आमचा कारभार.

मी त्या रस्त्याने वीस-पंचवीस वेळा तरी गेलो असेन, पण रस्ता बघितला तो त्याच दिवशी. दाजीपूरचे अभयारण्य गव्यांसाठी 1958 साली झाले. गवा म्हणून सांगतात तो मी आजवर हेडलाइटच्या उजेडात पुसटसा बघितला होता. त्या दिवशी भर दुपारी रस्त्याच्या कडेला सावलीत एक खोंड उभा होता. काळे तुकतुकीत अंग आणि गुडघ्याखाली पांढरे पाय, जणू मोजे घातलेत. आपला मोठा बैल त्याच्यापुढे वासरू. आम्ही इंजिन चालू ठेवून थांबलो. पाचएक मिनिटे त्याने आमच्याकडे बघितले आणि मग सावकाश रानात गेला. रात्री हाच प्राणी दिव्याने दिपून रस्त्यात उभा राहिला आणि गाडी साठच्या वेगात असली, तर काय होईल हे सांगायला नको. काळ्या अंगामुळे तो अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. जंगलातल्या रस्त्यावर लावलेल्या पाट्या शोभेसाठी नाहीत.

राधानगरीला तलावाकडे बघत चहा घेतला. शाहू महाराजांनी हाती घेतलेले हे धरण, आणि त्याचे ते सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरावीक उंचीला आले, की दरवाजा आपोआप उघडतो आणि दाब उतरला की आपोआप मिटतो. आई म्हणाली, "बघ, ह्याला कळतंय कवा सोडायचं ते." तिला माझ्या ब्रेकबद्दल म्हणायचे होते. वाटेत सगळा वेळ मी त्या गॅरेजवाल्याच्या नावाने बोटे मोडत होतो. बिल घेतले आणि फसवले, माणसे मारायची वेळ आणली, उद्या जाऊन त्याच्या दारात गाडी उभी करतो, असे माझे चालले होते.

सोळांकूर, सरवडे मागे टाकून मुदाळ तिट्ट्यावर आलो तेव्हा अंधार पडला होता. आणि दिवसभरातली खरी भीती तिथे वाटली. हंगाम ऐन भरात. बिद्रीच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॅक्टरची रांग. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला. समोरच्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपले, की पुढे ट्रॉली आहे हे कळतच नाही. आधी उसाचे वाढे काचेवर येते आणि मग ट्रॉली दिसते. आम्ही वीसच्या वेगात होतो म्हणून निभावले.

यात दुसऱ्या कुणाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ऊस आपला, ट्रॅक्टर आपला, चालवणारे पोरही आपल्याच भावकीतले. पूर्वी उसाच्या बैलगाडीखाली कंदील टांगलेला असे. त्याचा मिणमिणता उजेडही लांबून दिसायचा. आता शंभर बैलांची ताकद आली आणि कंदील गेला. रिफ्लेक्टरच्या लाल पट्ट्यांना फार पैसे पडत नाहीत. तेवढे तरी घरच्या बायकांनी हट्ट धरून लावून घ्यावेत. घरातला माणूस रात्री त्याच रस्त्याने यायचा असतो.

तिट्ट्याजवळच आदमापूर, बाळूमामांचे ठिकाण. अमावस्येला तिथे गाड्यांची एवढी दाटी होते, की चालत गेलेले बरे. त्या दिवशी गर्दी नव्हती. रस्त्याकडेला वडापच्या तीन-चार जीपा उभ्या होत्या. मला एक अक्कल सुचली. आजवर मी मिस्त्री शोधताना दुकानदाराला विचारत असे, पाटी मोठी बघत असे. पण वडापवाल्याची गाडी दिवसभर खचाखच भरलेली असते. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्याची चूल अडते. तो फसवणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊच शकत नाही. म्हणून त्यांनाच विचारले, "ब्रेकचं काम तुम्ही स्वतः कुणाकडं करता?"

तिघांनी एकाच माणसाचे नाव घेतले. गारगोटीत शिरताना रस्त्याकडेला पत्र्याची शेड आणि पुढे चिंचेचे झाड, एवढाच पत्ता. एक जण हसून म्हणाला, "तोंड लई फटकळ हाय दाजी, शिव्या खायाची तयारी ठेवा. पर हात सरळ हाय."

रात्री आठच्या सुमाराला शेडपुढे गाडी लावली. साठीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने माझी सगळी हकिकत ऐकली आणि पहिले वाक्य बोलला ते असे:

"आणि म्हातारीला घेऊन एवढ्या लांब आलासा? शाणा हायसा का काय?"

मी गप्प. रात्रीचे ब्रेकचे काम तो करत नसे. "दिव्याच्या उजेडात वायसरवरची चीर दिसत न्हाई. सकाळी या." गाडीची किल्ली ठेवून घेतली, शेजारच्या वडापवाल्याला हाक मारली आणि आम्हाला गावापर्यंत सोडायला सांगितले. त्याआधी त्याच्या घरातून आईसाठी हळद आणि गरम पाणी आले.

दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊनच गारगोटीला गेलो. तिला टेंगळावर डॉक्टरला दाखवायचे होते. मिस्त्रीने ब्रेकच्या डबीचे झाकण काढले, आत बोट बुडवले, दोन बोटांमध्ये तेल चोळून वास घेतला. मग घरातून पाण्याचे दोन काचेचे ग्लास मागवले. एका ग्लासात नव्या, सीलबंद डब्यातल्या ब्रेक ऑइलचे चार थेंब टाकून ढवळले. ते पाण्यात साखरेसारखे मिसळून गेले. दुसऱ्यात माझ्या डबीतले तेल टाकले. थोडे मिसळले, बाकीचे आमटीवरच्या तवंगासारखे वर तरंगत राहिले.

"ह्यात दुसरं तेल कुणी घातलंय?" त्याने विचारले.

मला जोरच चढला. मी त्या गॅरेजचे सगळे पुराण सांगायला सुरुवात केली. तो ऐकत होता आणि हाताने मास्टर सिलिंडर सोडत होता. आतले रबरी वायसर काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवले आणि शेजारी डबीतले नवे ठेवले. जुने चांगले फुगले होते. कोरडा हरभरा आणि रात्रभर भिजवलेला हरभरा शेजारी ठेवावा, तसे दोन्ही दिसत होते.

त्याने सांगितलेली गोष्ट अशी. ब्रेक ऑइल हे दिसायला तेल, पण ते खनिज तेल नव्हे. ब्रेकमधले रबर त्याच्याच सोबतीला बनवलेले असते. त्यात इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, ग्रीस, रॉकेल, काहीही गेले, की ते रबर फुगते. मास्टर सिलिंडरमध्ये सुईच्या टोकाएवढे एक भोक असते. पाय उचलला की तेल त्या भोकातून डबीत परत येते आणि चाक मोकळे होते. फुगलेले वायसर त्या भोकावर जाऊन बसते. मग तेल परत येत नाही, ब्रेक लागलेलाच राहतो. लायनर ड्रमवर घासत राहतो, ड्रम तापतो आणि त्या उष्णतेने तेल उकळते. उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले तर दबत नाही, म्हणून ब्रेक लागतो. पण वाफ दाबली की दबते. म्हणून पाय तळाला जातो. गाडी निवली की वाफेचे पुन्हा तेल होते आणि ब्रेक परत येतो. "आणि मानूस म्हनतो, काय न्हाई, आपोआप बरी झाली," मिस्त्री म्हणाला. "तशीच परत घाटात घालतो."

मी म्हणालो, "म्हणजे त्या गॅरेजवाल्यानंच चुकीचं तेल घातलं."

तेवढ्यात शेडच्या दारात खुर्चीवर बसलेली आई बोलली, "अरे, तूच न्हवं का ओतलंस? संक्रांतीच्या आदल्या दिवशी. ट्रॅक्टरच्या डब्यातलं."

मला सगळे आठवले. डबीतले तेल थोडे खाली गेलेले दिसले होते. गोठ्यात भावाच्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलाचा डबा होता. तेल ते तेल, असे म्हणून मी त्यातले वाटीभर ओतले होते. आदल्या दिवशी वाटेत भर घातली, तीही त्याच डब्यातल्या बाटलीने. चोवीस तास ज्या माणसाला शिव्या घातल्या, त्याने काम बरोबर केले होते.

मिस्त्री हसला नाही. त्याने लायनर काढून दाखवले. "काम चांगलं केलतं त्येनं. लायनर चांगल्या कंपनीचं हाय, बशिवल्यात पण नीट. जळाल्यात तुमच्या तेलानं." मग तेल खाली का गेले होते, हे शोधायला तो गाडीखाली शिरला. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला दगड लागून सांधा पाझरत होता. तेवढी नळी बदलायची होती, एवढाच मूळ आजार.

मला त्या माणसाचा विश्वास वाटला, तो या क्षणी. त्याला काही बोलायची गरज नव्हती. दुसऱ्या गॅरेजला नावे ठेवली असती, तर मी कायमचे गिऱ्हाईक झालो असतो. आपल्याकडे वैद्य, वकील आणि मिस्त्री यांची एक सवय असते. आधीच्याने सगळे बिघडवले, असे म्हणून ते सुरुवात करतात. याने आधीच्याचे काम बघून चांगले म्हटले, आणि चूक कुणाची ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगितले.

काम दोन दिवस चालले. मास्टर सिलिंडरचे किट, चारी चाकांचे वायसर, रबरी नळ्या सगळ्या नव्या, कारण एकदा ते तेल लागलेले रबर पुन्हा भरवशाचे राहत नाही. लोखंडी नळ्या स्पिरिटने धुतल्या. मी म्हटले, "नळ्या दिसायला तर चांगल्या आहेत, राहू द्या की." तो म्हणाला, "दिसायला तुमीबी चांगलं दिसतासा." पुढच्या लायनरपैकी दोन वाचतील असे त्याला वाटले होते, पण घासून बघितले तर आत तेल मुरलेले निघाले. तेही बदलले. उलट क्लचप्लेट बदलायची का असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "अजून वरीसभर चालंल. पैसं जास्त झाल्यात का?"

त्या दोन दिवसांत गारगोटी मी पाहुण्यासारखी पायी हिंडलो. आपल्याच तालुक्याचे गाव आपण कधी बघत नाही. कचेरीचे काम, दवाखाना, खताचे दुकान, की परत. हुतात्म्यांच्या स्मारकापुढे आई हात जोडून उभी राहिली. 13 डिसेंबर 1942 च्या रात्री इथल्या कचेरीवर क्रांतिकारकांनी चाल केली, त्यात सात जण कामी आले. शाळेत पाठ केलेली गोष्ट, पण त्या जागी उभे राहून सातची संख्या वेगळीच वाटते. पुढे मौनी विद्यापीठाच्या आवारात झाडाखाली बसलो. 1952 साली जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली. खेड्यातल्या पोरांना खेड्याच्या उपयोगाचे शिक्षण खेड्यातच मिळावे, ही त्यामागची कल्पना. ग्रामीण अभियांत्रिकीचे शिक्षण घ्यायला लांबची पोरे इथे येत. मिस्त्रीचा धाकटा तिथेच शिकत होता. मिस्त्री स्वतः सातवी. "त्यो कागदावर गाडी काढतो, मी जमिनीवर," असे तो म्हणायचा. त्यात अभिमान कुणाचा जास्त, ते कळत नसे.

शेडपुढे सतत ट्रॅक्टर यायचे, आणि ट्रॅक्टरवाल्या पोरांना तो जेवढ्या शिव्या द्यायचा तेवढ्या मलाही दिल्या नसतील. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, एक डाव्या चाकाचे, एक उजव्या चाकाचे. शेतात वळायला ते वेगळे लागतात. पण रस्त्यावर आल्यावर दोन्ही पेडल पट्टीने एकत्र जोडायचे असतात. पोरे ती पट्टी लावतच नाहीत. भरधाव असताना एकाच पेडलवर पाय पडला, की एकच चाक थांबते, ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि मागच्या ट्रॉल्या त्याच्यावर चढतात. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बहुधा नसतोच. मिस्त्रीचा नियम असा, की पट्टी न लावता शेडमधून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरचे पुढचे काम तो करत नसे. दोन गिऱ्हाइके यापायी तुटली. तिसरे पुन्हा आले, आणि पट्टी लावून आले.

शेवटी बिल झाले 3,460 रुपये. वहीच्या कागदावर एकेक वस्तू आणि मजुरी वेगळी लिहिलेली. जुने फुगलेले वायसर, जळालेले लायनर, फुटकी नळी हे सगळे फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. "घरला न्या. पोराला दावा." वर ताकीद दिली. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेते, म्हणून फोडलेला डबा वर्षभर फळीवर ठेवून वापरायचा नाही. दोन वर्षांनी सगळे तेल बदलायचे. आणि घाटात ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरायचे, ब्रेक फक्त वळणाला.

पुढे 2019 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2021 च्या जुलैत महापूर आला, तेव्हा त्याची शेड गाड्यांनी भरून गेली. 2021 ला वेदगंगेचे पाणी खाली यमगर्णीला थेट महामार्गावर आले होते. पाण्यात उभी राहिलेली गाडी पाणी ओसरल्यावर लोक आधी स्टार्टर मारून बघत. इंजिनात गेलेले पाणी दबत नाही, पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जी गाडी ढकलत आणली ती थोडक्यात सुटली, जी चालू करून बघितली तिचे इंजिन खोलावे लागले. माझी जीप मी ढकलत आणली होती. मिस्त्री तेव्हा सत्तरीला आला होता. गाडीकडे बघून म्हणाला, "आता जरा शाणं झालासा."

पण हे फार पुढचे. 2011 च्या मेमध्ये आम्ही पुन्हा कणकवलीला निघालो. बाळ चार महिन्यांचे झाले होते आणि आईने त्याला अजून बघितले नव्हते. फोंडा घाटाच्या तोंडाशी मी दुसरा गिअर टाकला. मागचे दोन-तीन जण हॉर्न वाजवून पुढे गेले. ज्या दरडीला गाडी घासली होती, तिथे तांबड्या मातीत आमच्या टपाची रेघ अजून दिसत होती. कुणी काही बोलले नाही.

घाट उतरून फोंड्याला गाडी थांबवली, खाली उतरलो आणि चारी चाकांजवळ हात नेऊन बघितला. कोमट होती.

"जळतंय का काय?" आईने आतून विचारले.

"न्हाई," मी म्हणालो. मग समोरच्या हॉटेलात चहा सांगितला.